काटा दीडवर

कापूरहोळच्या चौकात एहसानचं दुकान होतं. ढाब्यांचे फ्रीज, दवाखान्याचा एसी, आइस्क्रीमवाल्याची पेटी, थंड करणारं जे जे बिघडेल ते त्याच्या दारात येऊन पडायचं. तापवायचं काम त्याच्याकडे पहिल्यांदा आलं ते दोन हजार सातच्या डिसेंबरात.

वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला धनाजीराव रेणुश्यांनी बंगला बांधला होता. त्यांची उमेदीची वर्षं जर्मनीतल्या कारखान्यात गेली होती. परतताना त्यांनी तिथल्यासारखं घर गरम करायचं सगळं सामान जहाजानं आणलं : अंगणात बसवायचा पंख्याचा हीट पंप, भिंतीला टांगायचे पोलादी रेडिएटर, तांब्याच्या नळ्या. हे सारं आईसाठी. थंडी पडली की बाळाबाईंच्या हाताची बोटं आखडायची, घास तोंडापर्यंत जायचा नाही.

एहसाननं सौदीत मोठमोठ्या इमारतींच्या थंड पाण्याच्या लाइनी भरल्या होत्या. हे काम त्यातलंच, फक्त उलटं. पंप हवेतली ऊब ओढून पाण्याला देतो आणि ते पाणी घरभर फिरतं. एकदा भरलं की तेच पाणी, बंद नळ्यांत, वर्षानुवर्षं. भरताना मात्र घाई चालत नाही. पाणी सावकाश सोडायचं आणि प्रत्येक रेडिएटरच्या वरच्या कोपऱ्यातला छोटा स्क्रू चौकोनी किल्लीनं सैल करून आतली हवा काढायची. आधी फुसफुस, मग शिंतोडे, मग सलग पाण्याची धार. धार लागली की किल्ली आवळायची. सगळे रेडिएटर झाले आणि दाबाचा काटा दीडवर थांबला, की काम संपलं.

पाणी भरायच्या दिवशी भोरच्या घरातून निघताना अब्बांचा दमा उसळला होता. त्याचे वडील जहांगीरभाई उशी छातीशी धरून, पुढं वाकून बसले होते. डॉक्टर इंजेक्शन देऊन गेले होते. संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर पुण्याला हलवा, असं त्यांनी सांगितलं होतं.

"आज नका जाऊ," फौजिया म्हणाली.

"पाणी भरायचं तेवढं राहिलंय. दुपारी येतो, मग जीप करू."

बायकोच्या नजरेला नजर न देता त्यानं मोटरसायकलला किक मारली.

बंगल्यात बाळाबाई खुर्चीत शाल पांघरून बसल्या होत्या. "चूल न्हाई, धूर न्हाई, आन घर तापनार म्हनं," त्या म्हणाल्या. "लेकरा, माज्या धनाजीला कुनी फशिवलं तर न्हाई ना?"

"नाही आजी. रात्री पांघरूण फेकून द्याल."

"फेकीन की. पर तू आदी तापवून तर दाव."

खालचे रेडिएटर बिनतक्रार भरले. वरच्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत शेवटचा होता. एहसाननं किल्ली फिरवली. हवा सुटली. तो फडकं धरून धारेची वाट बघत बसला. धार येईना. हवा येतच राहिली. थोडी यायची, थांबायची, पुन्हा यायची. थांबताना आत काहीतरी बारीक घरघरायचं.

अशी हवा येण्याला एकच कारण असू शकत होतं. खाली एक लाल टाकी होती, पाणी फुगलं की सामावून घेणारी. तिच्यातला रबराचा फुगा फाटला असावा. त्यानं खाली जाऊन टाकी तपासली. फुगा धड होता. सांधे कोरडे होते. काटा सव्वावर होता, आणि हलत होता. चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा.

तो वर आला तेव्हा बाळाबाई चौकटीला धरून त्या खोलीच्या दारात उभ्या होत्या.

"हितं कुनी निजलंय का रं?"

"नाही आजी. हवा आहे."

"व्हय?" त्या रेडिएटरकडे बघत राहिल्या. "लई दमलेली हाय."

मोबाईलला रेंज फक्त त्याच खोलीत, रेडिएटरवरच्या खिडकीपाशी मिळत होती. त्यानं घरी फोन लावला.

"मघाशी लई घाबरले होते," फौजिया म्हणाली. "आता जरा मोकळं वाटतंय. श्वास लागतोय, पण चालू हाये. तुमी निघालात ना?"

"निघतोच."

हवा काढणं थांबवून दाब बघावा म्हणून त्यानं किल्ली आवळली. खाली काटा स्थिर झाला. तो वर आला तेव्हा खिडकीत ठेवलेला फोन वाजत होता.

"अवो, परत अडकलं! डोळे पांढरे करतायत!"

त्याचा हात आपसूक किल्लीकडे गेला. हवा सुटली. फोनवर कुणीतरी खोकलं, आणि मग फौजियाचा आवाज आला, "आला. आला श्वास."

एहसान तसाच उकिडवा बसून राहिला. दम्याचा त्रास कमीजास्त होतच असतो, हे त्याला माहीत होतं. नळ्यांत हवा अडकते, हेही माहीत होतं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. तरी त्यानं किल्ली पुन्हा आवळली आणि फोन कानाला लावून ठेवला. तिकडे फौजिया रडायला लागली. त्यानं किल्ली सैल केली. तिचं रडणं थांबलं.

धनाजीराव वर आले. त्यांनी एहसानचा चेहरा पाहिला. "घरी बरं नाही का कुणाला? जा तू. हे उद्या करू. आई एक रात्र शेकोटीवर काढेल."

किल्ली तशीच सैल सोडून निघता आलं असतं. अंधार पडायच्या आत भोर गाठता आलं असतं. पण नळीतल्या हवेला घाबरून काम अर्धं टाकलं, तर जे खरं नव्हतं ते त्यानं खरं मानलं असं झालं असतं. आणि ते खरं मानायची त्याला भीती वाटत होती.

"पाच मिनिटांचं काम आहे, साहेब," तो म्हणाला.

त्यानं फोन बंद करून खिशात टाकला.

किल्ली आवळली. मग आणखी थोडी.

आत काहीतरी धडपडल्यासारखं झालं. रेडिएटर एकदा थरथरला. मग काहीच नाही.

खाली काटा दीडवर उभा होता.

तो भोरला पोहोचला तेव्हा दाराबाहेर चपला होत्या.

"तुमी फोन ठेवलात, तेव्हाच," फौजिया म्हणाली. आजार जुना होता, वय झालं होतं, असं दफनाला आलेले लोक म्हणाले. एहसान प्रत्येकाला मान हलवून हो म्हणाला.

पुढच्या हिवाळ्यात धनाजीरावांचा फोन आला. तक्रार नव्हती. "वर्षभरात काटा केसभर हलला नाही. जर्मनीतही असं पाहिलं नाही मी. एकदा नजर टाकून जा."

बाळाबाई आता वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत निजत होत्या. बोटं मोकळी झाली होती. त्या शेंगा सोलत होत्या. "ऊब चांगली हाय तुजी," त्या म्हणाल्या. "मान्साच्या अंगासारकी." मग टोपली उचलून त्या खाली गेल्या.

एहसाननं दार लोटलं. खिशातून किल्ली काढली. आज तो काम करायला आला नव्हता, आत अडकलेल्याला सोडायला आला होता. हे त्यानं फौजियालाही सांगितलं नव्हतं.

त्यानं किल्ली फिरवली.

बाहेर काहीच आलं नाही. दीडच्या दाबाखाली असलेल्या नळीतून हवा किंवा पाणी, काहीतरी यायलाच हवं होतं.

त्यानं भोकावर बोट धरलं. बोटाची कातडी आत ओढली गेली.

खिडकीचा पडदा रेडिएटरकडे झुकला. आत श्वास घेतला जात होता. लांब, अधाशी, वर्षभराचा. तो संपत नव्हता. एहसानच्या कानांना दडे बसले, छाती आवळली. तोंड उघडूनही त्याला हवा मिळेना.

त्यानं किल्ली आवळली.

पडदा सरळ झाला. तो भिंतीला टेकून धापा टाकत राहिला. किल्ली स्क्रूवरच होती, आणि त्याची बोटं किल्लीवर.

तेव्हा त्याला जाणवलं की किल्ली उलटी फिरू बघतेय. आतून. अगदी सावकाश, म्हाताऱ्या माणसाच्या हातात असेल तेवढ्याच जोरानं.

त्यानं ती धरून ठेवली. बराच वेळ. मग ती थांबली.

धरून ठेवायला फारशी ताकद लागली नाही.