बर्थखालची वायर

तो मोबाइल आधी खिशात ठेवा. आणि मध्ये कुणी ‘मग काय झालं’ विचारायचं नाही, मी सांगतोय ना.

हे माझ्या साडूचं आहे. तो बॅटरीवाला, तुम्ही पाहिलाय त्याला. सगळी हयात बॅटऱ्या दुरुस्त करण्यात गेली. भुताखेताचं नाव काढलं की हसायचा. म्हणायचा, “मीटर लावून दाखवा, मग मानतो.” आता हसत नाही.

गेल्या वर्षी त्यानं एक जुना कॅम्पर घेतला. म्हणजे गाडीच्या मागं जोडून ओढत न्यायचं चाकांवरचं घर. आत एक मोठा पलंग, खिडकीशी एक आखूड बर्थ, आणि त्या बर्थखालच्या खणात बॅटरी. लेक आणि नात सुट्टीला येणार होत्या. त्यांना डोंगरात फिरवून आणावं, एवढीच म्हाताऱ्याची हौस.

नात आली ती कॅम्परमध्येच ठाण मांडून बसली. तासन्‌तास आत एकटीच बडबडायची. आजोबा काम करायला लागले की शेजारी बसून प्रश्नांची सरबत्ती. चार्जरमधून एक बारीक वायर निघत होती, तिचं टोक बॅटरीला खेटून, खणाच्या पत्र्यावर चिकटवलेलं.

“आजोबा, हे कशाला?”

“या टोकाला गार लागलं ना, की चार्जरला वाटतं बॅटरी गारठलीय. मग तो तिला जास्त देतो. गरम लागलं की हात आखडता घेतो.”

“म्हणजे ज्याला थंडी वाजते त्याला तो देतो?”

“तसंच म्हण,” म्हणाला आणि विसरून गेला.

त्यानंतर दोनच दिवसांत बॅटरी उकळायला लागली. मीटरचा काटा चौदा-साडेचौदा व्होल्टला थांबायचा, तो सोळाच्या पुढं जाऊ लागला. साडूनं छतावरचं सोलर सोडवून पाहिलं. गाडीकडून येणारी लाइन काढली. चार्जर बदलला, पण वायर तीच ठेवली. शेवटी शनिवारी दुपारी बॅटरीच नवी आणली, खणात हात घालून जोडली आणि झाकण लावलं. वायर मात्र तपासली नाही. स्वतःच्या हातानं चिकटवलेली वायर कोण तपासतो? दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हा.

रविवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. नातीनं हट्ट धरला, आज रात्री कॅम्परमध्येच झोपणार. मे महिन्यातला शेवटचा शनिवार, अंगाची नुसती काहिली. पंखा रात्रभर चालावा म्हणून साडूनं घरातून चार्जरची लाइन दिली. लेक पलंगावर, नात बर्थवर, अशा दोघी आत झोपायला गेल्या.

रात्री एक वाजून गेल्यावर तो दचकून जागा झाला. खिडकीतून वास येत होता. सडक्या अंड्यांचा.

बॅटरीवाल्याला तो वास कळतो. बॅटरी उकळत होती. बंद खोलीत तो गॅस साठला की एक ठिणगी पुरते. आणि आत त्याची लेक होती, नात होती.

त्यानं आधी घरातूनच चार्जरच्या लाइनचं बटण बंद केलं. मग अनवाणी धावला. कॅम्परचं दार उघडलं, खिडक्या उघडल्या. आतला दिवा लावला नाही, ठिणगीची भीती. टॉर्च बाहेर पेटवली आणि मगच आत नेली.

“अगं ए, ऊठ,” लेकीला हाक मारली. ती गाढ झोपेत होती.

वारा आत आला, वास जरा विरला. चार्जरची पाटी बॅटरीवर अजून उजळलेली होती. त्यावर बॅटरीचं तापमान दिसत होतं.

उणे चार.

मे महिन्यात.

त्यानं खणाचं झाकण काढून बॅटरीला हात लावला. चटका बसला. मग वायर चाचपली. तिचं टोक बॅटरीपाशी नव्हतंच. वायर वर गेली होती. बर्थच्या फळीला, खालच्या बाजूनं, काळ्या टेपनं चिकटवलेली.

त्यानं फळीला हात लावला.

गार. बर्फासारखी. बोटं बधिर झाली. चाचपत गेला... सगळी फळी नव्हे. मधला तेवढाच भाग. पाठ टेकते तेवढा.

वर नात झोपली होती ना... धडपडत उठला. टॉर्च वर धरली.

बर्थवर चादर होती. डोक्यापर्यंत ओढलेली. चादरीखाली कुणीतरी पाय पोटाशी घेऊन झोपलेलं.

“बाळा...”

“आजोबा.”

आवाज मागून आला. पलंगावरून. नात आईच्या कुशीत होती. डोळे उघडे.

“तिला उठवू नका ना. आत्ताच झोपलीय.”

साडूनं टॉर्च पुन्हा बर्थकडं वळवली.

“तिला खूप थंडी वाजते, आजोबा. म्हणून मीच ती वायर तिला लावली. पण तरी...”

चादर हलली.

...

त्यानं दोघींना कसं बाहेर काढलं, हे त्यालाही आठवत नाही. उजाडेपर्यंत तिघं घरातले सगळे दिवे लावून बसले. सकाळी कॅम्परमध्ये गेला तेव्हा बर्थ रिकामा होता. चादर खाली पडलेली. त्यानं ती वायर मुळापासून कापली, दुकानाच्या कपाटात टाकली, कुलूप घातलं. डोंगर राहिला बाजूला. लेक त्याच दिवशी नातीला घेऊन आपल्या घरी गेली.

चौथ्या रात्री तिचा फोन आला. मी तेव्हा साडूच्या दुकानातच बसलो होतो. त्यानं फोन स्पीकरवर टाकला.

“बाबा, हिचा पलंग झाडत होते. खाली काळ्या टेपनं एक वायर चिकटवलीय. तुम्ही दिली होती का हिला?”

साडू उठला. कपाटाचं कुलूप काढलं.

“बाबा? फळी इतकी गार कशी हो? आणि ही चादरीखाली बघा ना, कशी लपून बसलीय, हाक मारली तरी...”

तेवढ्यात फोनमधून नातीचा आवाज आला. दुसऱ्या खोलीतून, लांबून.

“आई, मी इकडे आहे.”



मी साडूकडं पाहिलं. तो कपाटापाशी तसाच उभा होता. कपाट रिकामं होतं. फक्त खालच्या फळीवर थोडं पाणी होतं, बर्फ वितळल्यावर राहतं तसं.