तीन नंबरची रेघ

पाचही डब्या टेबलावर ओळीनं मांडल्या आणि प्रत्येकीच्या पोटातून बाहेर आलेली कागदाची पट्टी ओढून काढली. पट्टी निघाली की बॅटरी लागते आणि डबीवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागतो. काडेपेटीएवढी पांढरी डबी, तिला वायर नाही. खोलीतलं तापमान ती दर अर्ध्या मिनिटाला भिंतीवरच्या थर्मोस्टॅटला कळवते आणि थर्मोस्टॅट पाचांची सरासरी काढून एसी कमी-जास्त करतो. सोबतचं पुस्तक इंग्रजीत होतं, म्हणून कल्याणनं मला बोलावलं होतं. मी वडीगोद्रीच्या शाळेत एकतीस वर्षं विज्ञान शिकवलं. तो माझा विद्यार्थी.

कल्याणचं चॉकी केंद्र गावापासून तीन किलोमीटरवर, तुतीच्या शेतात आहे. रेशमाच्या अळ्या अंड्यातून निघाल्या की पहिले आठ-दहा दिवस इथं एका बंद खोलीत वाढतात, मग शेतकरी त्या घेऊन जातात. तेव्हा अळी मुंगीएवढी असते. तिला सत्तावीस अंश लागतात, ओलावा लागतो आणि माणसाचा शक्य तेवढा कमी त्रास लागतो. दारात चुना आणि ब्लीचिंग पावडरचा पांढरा थर पसरलेला असतो. हातपाय धुऊन त्यावर पाय ठेवून आत जायचं, आतल्या चपला घालायच्या. तंबाखूच्या हातानं पाला टाकला तरी अळ्या मरतात.

"अळ्यांचे दोन लॉट गेले सर," कल्याण म्हणाला. "दोन्ही थंडी लागून. मार्च महिन्यात, थंडी लागून."

"आधीचा थर्मोस्टॅट खराब असेल."

"तो बराबर होता. एकच सेन्सर होता त्याला, खोलीच्या मध्ये टांगलेला. दुपारी पावणेदोनच्या पुढं एसी जोरात सुटायचा आणि खोली पार एकवीसवर यायची. मी जेवायला घरी, बाया पाला कापून बाहेर. खोलीची चावी दोघांकडं. एक माझ्याकडं." त्यानं मान किंचित दाराकडं वळवली.

दाराबाहेर सर्जेराव नळाखाली टोपल्या धूत होते. पन्नाशी ओलांडलेला माणूस, अकरा वर्षं कल्याणकडं कामाला. कल्याण त्यांना मामा म्हणतो.

"उन्हाचं गार खोलीत आडवं व्हावं वाटतं माणसाला. मी नाही म्हणत नाही. पण मंग विचारलं तर कबूल तर करावं. तिसरा लॉट गेला तर मामांना मी ठेवणार नाही, सर. हे मी त्यांना सांगून टाकलंय."

नळाचा आवाज थांबला होता. सर्जेरावांनी ते ऐकलं असावं.

डबी भिंतीला चिकटवण्याआधी ती नीट वाचते का हे पाहायचं असतं. त्यासाठी माझी एक जुनी रीत आहे. वर्गात काचेचे तापमापक असायचे तेव्हापासूनची. मुठीत धरायचं, दोनशेपर्यंत मोजायचं. मूठ उघडायची, शंभरपर्यंत मोजायचं. परत मिटायची, परत दोनशे. एकदा चढलेलं तापमान उन्हानंही चढलेलं असू शकतं. दोनदा चढलं, तेही आपल्या मोजणीबरहुकूम, तर ऊब आपलीच. मुलं मग आलेख काढायची. दोन उंचवटे, मधे खळगा, आणि मागचा उंचवटा जरा जास्त उंच, कारण तापमापक पुरता गार व्हायच्या आतच मूठ परत मिटलेली असते. एका वर्षी मागच्या बाकावरून कुणी तरी म्हणालं, सर, ही तर बैलजोडी, वशिंडं दिसायलीत. तेव्हापासून माझ्या वर्गात त्या रेघेला बैलजोडीच म्हणायचे.

आदल्या संध्याकाळी यातली एक डबी मी घरी नेली होती. माझ्या ओट्यावर पाचवीतली मुलं येतात, त्यांना दाखवायला. नंतर तिची पट्टी परत आत सरकवून ठेवली होती. एकाचं झालं की मी म्हणायचो, बस, आता पुढच्याला दे. त्यांच्या मुठीत डबी पुरती मावत नाही, बोटांच्या फटीतून हवा लागत राहते. त्यामुळं त्यांची रेघ हळू चढते, आणि बैल ठेंगणे निघतात. त्यावरून त्यांनी एकमेकांना बरंच चिडवलं.

"अजून बैलजोडीच काढायलात का सर?" कल्याण हसला आणि एक डबी मुठीत घेऊन मोजायला लागला. त्याची रेघ फोनवर उमटत गेली. छान जोडी निघाली.

मी एक डबी बाहेर नेऊन सर्जेरावांपुढं केली. ते हात मागं घेऊन उभे राहिले.

"माझ्यावर नजर ठेवायचं हाय का हे?"

"खोलीवर ठेवायचं आहे."

"एकच झालं." तरी त्यांनी हात पुसून ती घेतली. हाताला घट्टे होते, ऊब सावकाश चढली. दोनशे होण्याआधीच त्यांनी डबी परत दिली. "एवढं पुरे. म्या त्या खोलीत दुपारचं गेल्तो न्हाई, सर. तुमचं मशिन काय म्हणायचं ते म्हणू द्या."

डब्या लावल्या. एक नंबर दाराजवळ, पण झोत लागणार नाही असा. दोन, एसीच्या समोरच्या भिंतीवर. तीन, खोलीच्या मधल्या खांबावर, छातीच्या उंचीला. चार, अळ्यांच्या खालच्या ट्रेच्या पातळीला, जमिनीपासून दोन हातांवर. पाच, लांबच्या कोपऱ्यात. फोनवर प्रत्येकीला नाव द्यायचं असतं, आम्ही आकडेच दिले. पाचही सत्तावीसच्या आसपास दाखवू लागल्या. दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, अळ्या निघाल्या.

शुक्रवारी दुपारी कल्याणचा फोन आला. "सर, या. सापडलं."

मी पोचलो तेव्हा सर्जेराव कडुनिंबाखाली उकिडवे बसले होते, कुणाकडं न बघता. कल्याणनं फोन माझ्या हातात दिला. एक, दोन, चार, पाच, चारही रेघा आधी सपाट, मग जराशा खाली उतरलेल्या. तीन नंबरची रेघ पावणेदोनला उठली होती आणि तेहतीसवर गेली होती. सरासरी वाढली, एसी जोरात सुटला, आणि बाकीचे ट्रे पंचवीसवर आले.

"सेन्सर मुठीत धरायचा, म्हणजे एसी आपोआप वाढतो," कल्याण म्हणाला. "बटणाला हात लावायलाही नको. बुधवारी तुम्हीच शिकवलं त्यांना."

सर्जेरावांची नोकरी माझ्या धड्यावरून जाणार होती.

मग मी रेघ नीट पाहिली. ती तेहतीसवर जाऊन उतरली होती आणि परत चढली होती. दोन उंचवटे. मागचा जरा जास्त उंच.

सर्जेरावांनी बुधवारी मूठ एकदाच मिटली होती. दुसऱ्यांदा मिटायची असते हे त्यांना मी सांगितलंच नव्हतं.

मी कल्याणकडं पाहिलं. त्याला ते पंचवीस वर्षांपासून माहीत होतं. दुसरी चावी त्याच्याकडं होती. अकरा वर्षांच्या जुन्या माणसाला काढायचं असेल तर कारण लागतं, असा एक विचार माझ्या मनात आला. तो मला आवडला नाही, पण गेलाही नाही.

"आजचा दिवस थांब," मी म्हणालो. "उद्या दुपारी तिघंही इथं बसू. दोन्ही चाव्या माझ्यासमोर."

"काय सर, माझ्यावर पण संशय का?"

"वर्गात मी सगळ्यांचीच वही बघायचो."

तो हसला, पण उशिरा.

शनिवारी दीड वाजता मी स्वतः खोली पाहिली. ट्रे, खांब, जाळी लावलेली बंद खिडकी. लपायला जागा नाही. अळ्या पाला कुरतडत होत्या, कान दिला तरच ऐकू यावं इतकं हळू. बाहेर येताना मी दारातला पांढरा थर हाताच्या तळव्यानं सपाट केला, पाटी पुसावी तसा. कुलूप लावलं. दोन्ही चाव्या कडुनिंबाखालच्या टेबलावर ठेवल्या. खोलीला दुसरं दार नाही. चार वर्षांपूर्वी बांधलेली खोली, त्याआधी तिथं कापूस होता.

कल्याण माझ्या डावीकडं बसला, सर्जेराव उजवीकडं. महामार्गावरून ट्रक जात होते. सर्जेरावांनी एकदा पाणी आणून दिलं, आधी मला, मग कल्याणला. कल्याणनं ते घेतलं पण प्यायला नाही.

पावणेदोनला तीन नंबर अठ्ठावीसवर आला.

मग एकोणतीस. तीस.

"मामा," कल्याण म्हणाला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. सर्जेराव त्याच्यापासून दोन हातांवर बसले होते.

मी चावी उचलली. कुलूप होतं तसं होतं. दार ढकललं. पांढऱ्या थरावर माझ्या तळव्याच्या रेषा होत्या, दुसरं काही नव्हतं.

हातपाय धुतल्याशिवाय आत जायचं नसतं. आम्ही तिघंही ओळीनं नळावर गेलो आणि धुऊन आलो. एवढी सवय कुणालाच मोडता आली नाही. सर्जेराव दारातच थांबले.

खोली गार पडत चालली होती. एसीचा आवाज मोठा होता. खांबावर डबी होती, हिरवा ठिपका लुकलुकत होता. तिच्याजवळ कुणी नव्हतं. मी बोट लावलं. खांब गार होता. डबी कोमट होती.

"तेहतीस," कल्याण फोन बघत म्हणाला. थोड्या वेळानं म्हणाला, "उतरायली. सर, उतरायली."

मूठ उघडली होती. मी मनात मोजत होतो, मला थांबता येत नव्हतं. एकोणनव्वद, नव्वद. शंभराला म्हणालो, "आता मिटेल."

"चढायली," कल्याण म्हणाला.

तो माझ्याकडं विद्यार्थ्यासारखा बघत होता, जणू मला उत्तर माहीत होतं.

"तुमच्या वर्गातलं हाय का कुणी?" सर्जेरावांनी दारातून विचारलं.

मी मोजत होतो. दोनशे झाले. एकतीस वर्षं दोनशे झाले की जे म्हणत आलो ते तोंडातून निघून गेलं, हळूच, वर्गात म्हणायचो तसं.

"बस. आता पुढच्याला दे."

तीन नंबरची रेघ खाली आली. सत्तावीस. सव्वीस. तिथं थांबली.

सर्जेराव वाकले आणि त्यांनी कमरेची बाकीच्या किल्ल्यांची दोरी सोडून उंबऱ्याबाहेर ठेवली. "मालक, म्या उद्यापून येत न्हाई," ते म्हणाले. "तुम्ही काढलं न्हाई. म्याच चाललो."

"मामा, थांबा. चुकलं माझं," कल्याण म्हणाला. पण त्याची नजर फोनवरून हलली नव्हती.

मीही वाकून पाहिलं.

चार नंबरची रेघ उठली होती. खालच्या ट्रेच्या पातळीला लावलेली, जमिनीपासून दोन हातांवरची.

ती फार हळू चढत होती.