सहाव्या ओळीतली हाळी

हे खरं घडलेलं आहे. गेल्या मे महिन्यात, फैजपूरजवळच्या केळीच्या बागेत, दुपारी एक वाजता.

हो, दुपारी. रात्रीचे बारा, पैंजण, पांढरी साडी असलं काही हवं असेल तर दुसरं पान उघडा. आमच्याकडच्या मेलेल्यांना असले थेर जमत नाहीत.

माझ्या बांधाला बांध लागून सुकदेवभाऊची बाग. भाऊ त्याच्या आदल्या वर्षी गेला. मागे ठेवली ही बाग, हितेंद्र नावाचा मुलगा आणि एक कुत्रा. तिघांत कुत्रा तेवढा कामाचा निघाला.

कुत्र्याचं नाव तलाठी. सगळ्यांच्या बांधावरून फिरून यायचा, म्हणून. फरक इतकाच की हा रोज यायचा.

तो आजारी पडला. दोन्ही किडन्या गेल्या. अकरा दिवस पोटात अन्न नाही. उठता येईना, कुशीला जखमा पडल्या. हितेंद्रची बायको कामिनी त्याला बागेतल्या खोलीच्या दारात ओल्या गोणपाटावर ठेवायची. दर दोन तासांनी कूस बदलायची. बिनसुईच्या सिरिंजनं तोंडात ताक सोडायची. केळीला टेकू दिलेल्या बांबूला सलाईनची बाटली टांगलेली.

आणि नवरा काय करायचा? मोबाईलवर विचारायचा. ग्रुपवरचे चाळीस जण सल्ले द्यायचे. त्यातल्या एकानंही कुत्रा पाहिलेला नव्हता.

जनावरांचे डॉक्टर किरण. त्यांनी सरळ सांगितलं, "याला सोडवा आता. इंजेक्शन देतो. झोपेत जाईल."

पहिल्यांदा आले तेव्हा हितेंद्र म्हणाला, "आज सोमवार आहे."

दुसऱ्यांदा म्हणाला, "अमावस्या होऊ द्या."

तिसऱ्यांदा म्हणाला, "भाऊचं कुत्रं आहे हो. पाप कोणाच्या डोक्यावर?"

तिन्ही वेळा डॉक्टर चहा पिऊन परत गेले. कुत्रं तडफडलं तरी चालेल, पण ह्याचं डोकं स्वच्छ राहिलं पाहिजे! असल्या डोक्यात पाप तरी कशाला राहायला येईल?

चौथ्यांदा डॉक्टर आले त्या दुपारी मी तिथंच होतो.

कामिनी मला बाजूला घेऊन म्हणाली, "आबा, याचा जीव अडकला. भाऊ दवाखान्यात जाताना याले 'थांब इथंच' म्हणून गेले. हा थांबून राह्यला."

"मग मी काय करू?"

"तुम्ही भाऊची हाळी हुबेहूब काढता. एकदा बोलवा त्याले. भाऊ आले असं वाटू द्या. मग डॉक्टर सुई देतीन."

केळीच्या बागेत पाच ओळी आत गेलेला माणूस दिसत नाही. म्हणून इथं प्रत्येकाची आपापली हाळी असते. भाऊची होती, "ओऽऽऽ तलाठी... चाल घरी!" लग्नाच्या पंगतीत मी ती काढून किती जणांना ठसका लावलाय.

हितेंद्रनं ते ऐकलं आणि लगेच घाबरला. "आबा, मेलेल्या माणसाची नक्कल? काही झालं म्हणजे?"

"बापाची थोडी नक्कल तू केली असती ना, तर हे कुत्रं केव्हाच सुटलं असतं."

तो खोलीकडे सरकला.

डॉक्टरांनी सुई भरली. कामिनीनं तलाठीचं डोकं मांडीवर घेतलं. माझ्या तोंडात तंबाखू होती. ती थुंकायला मी वळलो...

आणि ठिबकचा पंप बंद पडला.

लाईट गेली असेल. आमच्याकडे जातेच.

मग पानांची सळसळ थांबली...

मग सलाईनचा थेंब. नळीत लोंबला... आणि लोंबतच राहिला.

"ओऽऽऽ तलाठी... चाल घरी!"

बागेतून आली. सहाव्या ओळीतून. इतकी वर्षं ऐकतोय, मला ओळ कळते.

तलाठीचे कान उभे राहिले.

मग तलाठी उभा राहिला.

अकरा दिवस ज्याला मान उचलता येत नव्हती, तो उठला. सलाईनची नळी तुटली. लडखडत गेला... आणि केळीत शिरला.

वाळक्या पानांवर त्याचे पाय वाजत होते. चुर्र... चुर्र...

थोडं आत गेल्यावर त्या आवाजात दुसरा आवाज मिसळला.

दोन पायांचा.

मग काहीच नाही.

सगळ्यात आधी कामिनी धावली. मागून डॉक्टर, मागून मी. हितेंद्र खोलीत. दार लावून.

सहाव्या ओळीत तलाठी पडला होता. गेलेला. तोंडावर वेदना म्हणून नाही.

पण त्याची मान जमिनीला टेकलेली नव्हती. वीतभर वर होती... कुणाच्या तरी मांडीवर ठेवावी तशी. शेजारची पानं दबलेली.

आमच्यादेखत ती मान हळूहळू खाली आली. कुणीतरी जपून ठेवल्यासारखी.

"स्नायू आखडतात कधी कधी," डॉक्टर म्हणाले. भरलेली सुई त्यांच्या हातात तशीच होती. एवढं शिकून एवढंच सुचलं!

तिथंच खड्डा खणला. कामिनीनं मीठ टाकलं, माती लोटली आणि मग ती माझ्या पाया पडली.

"आबा, लई चांगली हाक दिली तुम्ही. सुटला तो."

"अगं, मी नाही दिली. माझ्या तोंडात तंबाखू होती."

"राहू द्या आता, आबा. मी पाह्यलं. तुमचे ओठ हलले."

हितेंद्र आता चौकात सांगत फिरतो की आबाला हाक मारायला त्यानंच लावलं. फुकटचं पुण्य गोळा करायला मात्र त्याला मुहूर्त लागत नाही. डॉक्टर तो विषय काढत नाहीत. जन्मभर थापा मारल्या म्हणून माझ्यावर गावात कुणाचा विश्वास नाही, आणि त्यांचं तरी काय चुकलं?

पण कामिनीनं पाहिलं ते खरं आहे.

माझे ओठ हलले होते.

हाळी ऐकू आली की शेजारच्या बांधावरच्यानं ओ द्यायची, ही आमच्या बागांची रीत. साप, विजेची तार, काहीही असतं. माणूस जवळ आहे एवढं कळावं म्हणून. चाळीस वर्षं भाऊच्या प्रत्येक हाळीला मी ओ दिली. त्या दुपारीही दिली. तंबाखूच्या तोंडानं, घशातल्या घशात. विचार करायच्या आत निघून गेली.

कुत्र्याला बोलावलं होतं. मला कुणी विचारलं होतं?

पावसाळा गेला. थंडी गेली. अजून तरी कुणी आलेलं नाही.

पण ओ ऐकली की हाळी देणारा त्या दिशेनं यायला निघतो. आणि भाऊ चालायला पहिल्यापासूनच फार सावकाश होता...