आधी हसणारा प्रेक्षक

शिन्सेकाई वस्तीतल्या कोमादोरी थिएटरात दुपारच्या खेळाला लोक येतात ते पोटभर खाऊन. गल्लीत तळलेल्या मांसाच्या काड्या रिचवलेल्या असतात, वर बियर झालेली असते, आणि मग मंडळी वस्तीतल्या उंच टॉवरखालून रमतगमत येऊन खुर्चीत रेलतात. अशा लोकांनाही हसवता येत नसेल, तर विनोदी नटाने दुसरा धंदा बघावा. तोराहेईला गेले काही महिने ते जमत नव्हतं.

नाटकमंडळीचे मालक उमेनोजो यांनी त्याला बजावून ठेवलं होतं. या मुक्कामात लोक हसले नाहीत, तर विदूषकाचं काम तरण्या सेंताकडे जाणार आणि तोराहेईने विंगेत उभं राहून पडदा ओढायचा. उभा जन्म लोकांना हसवण्यात गेलेला माणूस तो, त्याला घास गिळवेना. त्याची बायको चिगुसा याच मंडळीत शामिसेन वाजवायची. ती म्हणाली, "तोंड पाडून बसलात तर तुमच्या वाटणीचंही मीच संपवीन. मग म्हणू नका, बायको जाडी झाली."

आणि एका दुपारी मागच्या अंधाऱ्या रांगांतून हसू आलं. अगदी पोट धरधरून. पुरुषाचं की बाईचं, ते काही कळेना. मौज म्हणजे तोराहेईने अजून वाक्य टाकलंच नव्हतं. त्या हसण्याने शेजारपाजारचे हसू लागले, तेवढ्यात वाक्य आलं आणि लोकांनी सगळं थिएटर डोक्यावर घेतलं.

कोणीतरी रोजचा गिऱ्हाईक असेल, विनोद पाठ असतील, असं त्याला वाटलं. म्हणून दुसऱ्या दिवशी त्याने ऐनवेळी नवाच विनोद केला. हसू तरीही आधीच आलं.

खेळ संपला की नट रंगलेल्या तोंडाने दारात उभे राहतात आणि प्रत्येक प्रेक्षकाचा हात हातात घेऊन त्याला निरोप देतात. तोराहेईने हात धरता धरता चौकशी केली. मासळीवाल्या काकू डोळे मिचकावून म्हणाल्या, "आम्हाला काय विचारता? पैसे देऊन तुम्हीच बसवलाय ना त्याला?"

पुढे हसू आणखी लवकर येऊ लागलं. एकदा ते आलं आणि तोराहेई गोंधळून थांबला, कारण डोक्यात काहीच नव्हतं. मग त्याच्या चपलेचा अंगठा तुटला आणि तो नायिकेच्या वेषातल्या मालकांच्या मांडीवर जाऊन पडला. मालकांचा टोप भुवयांवर आला. लोकांना हसू आवरेना. आणखी एकदा तर ऐन करुण प्रवेशात मागून ते खदाखदा हसू येत राहिलं. मालक दात-ओठ खात होते. पुढच्या प्रवेशात कागदी बर्फाची अख्खी पिशवी वरून मालकांच्याच डोक्यावर आली.

तोराहेईने विचार करणं सोडून दिलं. आयत्या पिठावर रेघोट्या कोणाला नको असतात? हसू आलं की तो नुसता उभा राहायचा, गंमत आपसूक घडायची. थिएटरबाहेर रांगा लागल्या. तो दोन माणसांचं जेवू लागला.

मुक्कामाच्या शेवटच्या दिवशी मात्र मागून आवाज आला नाही. लोक सवयीने हसले, भरपूर हसले. तोराहेईचे कान मागच्या रांगांकडे लागून राहिले.

पडदा पडल्यावर मालकांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "विदूषक आमचा तोराच. जन्मभर." टाळ्या पडल्या. चिगुसाने भर मंडळीत त्याचा गालगुच्चा घेतला.

मग सगळे दारात उभे राहिले. हात, हसरे चेहरे, "पुढच्या वर्षी या हं". बाहेर लख्ख ऊन होतं. थिएटर रिकामं झालं.

आतून रडण्याचा आवाज आला.

मासळीवाल्या काकूंचा हात त्याच्या हातातच राहिला. त्यांनीही ऐकलं. "अगंबाई, आज कोणीतरी आत राहिलं वाटतं," त्या म्हणाल्या.

हुंदक्यांतून हाक येत होती. प्रेक्षक नटाचं नाव घेऊन आरोळी देतात, तशी नव्हती ती. ही घरच्या माणसाची हाक होती. "तोराहेई. अहो, उठा ना."

आवाज चिगुसाचा होता. चिगुसा त्याच्या शेजारी उभी होती, एका छोट्या मुलीला कागदी पंखा देत, हसत.