गार पाण्याची चावी

ही गोष्ट खोटी वाटली तर वाटू दे. काकांच्या पायांवरचे व्रण खोटे नाहीत.

गेल्या हिवाळ्यातली, दिवेलागणीची वेळ. मी तिथेच होतो.

माझी मावशी आणि काका गरम पाण्याच्या झऱ्यावर न्हाणीघरं चालवतात. पूर्वी तिथे लाकडी खोल्यांची रांग होती. आतल्या माणसाला पाणी सोसेना की तो हाक मारायचा. मग मावशी मागच्या अंगणात जाऊन गार पाण्याची चावी फिरवायची.

काकांनी ती रांग पाडली. शेजारी नवी इमारत उठवली. चकचकीत फरशी, प्रत्येक खोलीत गरम-गार नळ. जुन्या खोल्यांच्या जागी उरलं नुसतं मोकळं अंगण आणि ती गार पाण्याची चावी.

उद्यापासून गिऱ्हाईक येणार होतं.

"पहिली आंघोळ मालकाची!" म्हणत काका टॉवेल खांद्यावर टाकून आत गेले. कडी लावली.

मी आणि मावशी ओट्यावर चादरींच्या घड्या घालत होतो.

तेवढ्यात…

"बाई, गार सोडा हो… भाजतंय…"

बाईचा आवाज. अंगणातून.

"सोडते, सोडते!" मावशी सवयीने उठली. चावी फिरवली.

माझ्या हातातली चादर तशीच राहिली.

"मावशी… आज गिऱ्हाईक कुठे आहे?"

ती जागच्या जागी थिजली.

अंगणात कोणी नव्हतं.

पण पाणी पडत होतं… घळघळ… बादलीत पडावं तसं.

जमीन कोरडी.

आणि नव्या इमारतीतून काकांची किंकाळी आली.

मावशी चावी उलटी फिरवू लागली. हलेना. मी धावलो, दाराला खांद्याने धडका दिल्या. कडी तुटली.

आत वाफच वाफ. काका गुडघ्यापर्यंत भाजले होते.

"गार पाणी… एकदम गेलं रे…"

दुसऱ्या दिवशी प्लंबरने अंगण खणून दाखवलं. जुना पाइप कधीच कापलेला.

"ही चावी कशालाच जोडलेली नाही. फिरवा, नाहीतर नका फिरवू."

दवाखान्यात काकांनी मावशीला जवळ बोलावलं. मग हळूच म्हणाले,

"शेजारी कोण आंघोळ करत होतं गं?"

"कोणी नाही. पलीकडे अंगणच आहे."

"मग भिंतीपलीकडून कोण म्हणालं…"

"काय?"

"'हां… आता बरं वाटलं.'"

मावशीने माझा हात घट्ट धरला.

आता धंदा जोरात आहे. खोल्या अपुऱ्या पडतात. काकांनी त्या अंगणात आणखी एक न्हाणीघर बांधायचं ठरवलंय. कोणाचं ऐकत नाहीत.

मावशी रोज फोन करते. इकडचं तिकडचं बोलते. फोन ठेवताना विचारते,

"पाया खणतील तेव्हा तू येशील ना रे?"

मी अजून हो म्हटलेलं नाही.