बिननावाचा श्वास

सोमवारी संध्याकाळी पाच वाजता बाळाची खोली बारा अंशांवर आली. बाहेर उणे एकेचाळीस होतं. खिडक्यांच्या तिहेरी काचा घट्ट बंद होत्या, शेजारच्या दिवाणखान्यात नेहमीसारखी ऊब होती. पण पाळण्याजवळचा हीटर हाताला गार लागत होता. विजयाबाईंनी तो पुन्हा चाचपून पाहिला आणि बाळाला उचललं.

"ऋतुजा, इकडे ये आधी. हिचे पाय बघ."

ऋतुजाने पाय हातात घेतले आणि तिचा चेहराच उतरला. एकोणीस दिवसांची पोर, वजन दोन किलोच्या जेमतेम वर. घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती: हिला स्वतःची ऊब धरता येत नाही, खोली चोवीस अंशांच्या खाली जाऊ देऊ नका.

विजयाबाई लेकीच्या बाळंतपणासाठी नाशिकहून कॅनडातल्या या शहरात आल्या, त्याच आठवड्यात तिथे उष्णतेचं रेशन सुरू झालं होतं. गेल्या हिवाळ्यात वीजपुरवठा कोलमडला, तेव्हा घरं गोठली होती. म्हणून यंदा प्रत्येक घराला बिनतारी नियंत्रक बसवणं सक्तीचं झालं. घराचे विभाग पाडायचे, प्रत्येक खोलीतल्या हीटरच्या झडपेला छोटी मोटर लावायची आणि भिंतीवर एक गोल चकती चिकटवायची. चकती लालसर, बोटाच्या पेराएवढी. विजयाबाईंनी तिचं नाव टिकली ठेवलं आणि घरात तेच रुळलं. टिकली खोलीचं तापमान मोजते, शिवाय रेडिओलहरी सोडून छातीची हालचाल टिपते. जिथे श्वास, तिथे ऊब. रिकाम्या खोलीवर उष्णता वाया घालवायची नाही, हा नियम.

जावई सौमित्रने हे सगळं एका शनिवारी स्वतःच बसवलं होतं. एकेका टिकलीची तिच्या झडपेशी जोडी जुळवली. नियंत्रकाच्या पडद्यासाठी भाषा मराठी निवडली, ती खास सासूबाईंसाठी. प्रत्येकाने आपापल्या खोलीत उभं राहून श्वासाची ओळख करून दिली. बाळाची पाळी आली तेव्हा पडद्यावर अक्षरं उमटली: 'नवीन श्वास आढळला. नाव लिहा.'

"बारशाआधी नाव कसलं लिहिता, जावईबापू?" विजयाबाई म्हणाल्या होत्या. "आत्या येऊ दे, कानात कुर्र करू दे. मग लिहा हवं तेवढं."

"'बाळ' असं लिहून पाहिलं, आई. घेत नाही."

"मग राहू दे. यंत्राला काय घाई आहे? त्याला थोडंच पेढे वाटायचेत!"

सौमित्रने हसत 'नंतर' हे बटण दाबलं होतं. बारशाला येणाऱ्या त्याच्या बहिणीचं, गौतमीचं विमान थंडीमुळे दोनदा रद्द झालं, आणि ते 'नंतर' तसंच राहिलं.

आता त्याने पडदा उघडला. घरातल्या नोंदी वाचता वाचता तो थांबला.

"काय झालं?" ऋतुजाने विचारलं.

"माणसे तीन," तो म्हणाला. "पाळीव प्राणी एक."

मग त्याने तुटक तुटक सांगितलं. श्वास लहान, फार जलद आणि बिननावाचा. यंत्राने आपल्या परीने अर्थ लावला होता. प्राण्याला बारा अंश पुरेत, असा शहराचा नियम. आजवर पाळण्यापाशी कोणी ना कोणी मोठं माणूस असायचंच, म्हणून खोली उबदार राहिली. आज दुपारी गौतमीचा फोन आला आणि तिघंही दिवाणखान्यात गप्पा मारत बसले.

"मांजर समजलं की काय माझ्या नातीला!" विजयाबाईंचा आवाज चढला. "लावा गौतमीला फोन. आत्ताच्या आत्ता बारसं."

पाळणा सजवला नाही, गाणी झाली नाहीत. फोन बाळाच्या कानाशी धरला, गौतमीने रडत रडत "कुर्रर्र" केलं आणि पोरीचं नाव ऊर्वी झालं. सौमित्रने ते लिहिलं. पडद्यावर उत्तर आलं: 'प्राण्याची नोंद माणूस म्हणून बदलण्यासाठी पडताळणी आवश्यक.'

त्याने मदत केंद्राला फोन लावला. वीस मिनिटांनी एक थकलेला माणूस बोलला. लोक कुत्र्यांना पोरांची नावं देऊन जास्तीचं रेशन उकळतात, त्यामुळे पडताळणी टळणार नव्हती. श्वास सलग एक तास एकट्याचा नोंदवला जायला हवा. खोलीत दुसरं कोणी नको. गरम पाण्याची बाटली, दिवा, काहीही ठेवलं तर तास पहिल्यापासून मोजला जाईल. इस्पितळात न्यायचं का, असं विचारल्यावर त्यानेच उलट विचारलं, बाळ निळं पडलंय का? नसेल तर या थंडीत दाराबाहेर काढू नका.

"आणि ही नोंद बदललीच नाही तर?" सौमित्रने विचारलं.

त्या माणसाने सांगितलं, आठ वाजल्यानंतर रेशन आणखी घटणार होतं. मोठ्या माणसांच्या खोल्या चौदा अंशांवर. तान्ह्या बाळाच्या खोलीला मात्र चोवीस अंशांची हमी होती. थंडीची लाट शुक्रवारपर्यंत.

"मी धरून बसते तिला," ऋतुजा म्हणाली. "छातीशी. चार दिवस बसेन."

"तू काल उभ्या उभ्या झोपत होतीस. हातातून निसटली तर?"

"म्हणून तिला बारा अंशांत एकटी टाकू? एक तास? तू बाप आहेस ना तिचा?"

"बाप आहे म्हणूनच म्हणतोय."

दोघांनी विजयाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या हातून चुलत-मावस धरून सात बाळंतपणं निघाली होती. पण असा सवाल कुणी घातला नव्हता. उबेत ठेवावं तर पोर हिशेबात नाही, हिशेबात आणावं तर उबेत नाही. नाव लिहू दिलं नाही ते आपणच, हे त्यांना कोणी बोलून दाखवलं नाही, आणि तेच जास्त लागलं.

"दोन टोपडी घाला," त्या शेवटी म्हणाल्या. "लोकरीचं दुपटं, वर गोधडी. छातीवर सैल ठेवा, हालचाल दिसली पाहिजे. दाराबाहेर मी उभी राहते."

सहाला दार लोटलं. ऊर्वी रडायला लागली आणि ऋतुजाने कान झाकून घेतले. सौमित्र पडद्यावरचे आकडे वाचत होता. श्वास मिनिटाला पन्नास. बऱ्याच वेळाने, अठ्ठेचाळीस.

मग रडणं थांबलं.

"झोपली," सौमित्र म्हणाला. "आई, झोपली असेल ना?"

विजयाबाईंनी दाराला कान लावला.

"चाळीस," तो म्हणाला. "छत्तीस. थांबा, नोंद बदलली! 'बहुधा माणूस' म्हणतंय. दहाच मिनिटं राहिलीत."

मोठ्या माणसाचा श्वास संथ असतो, हे यंत्राला शिकवलं होतं. तान्हं पोर गारठलं की त्याचाही श्वास संथ होतो, हे विजयाबाईंना ठाऊक होतं. त्यांनी दार ढकललं.

"आई, दहा मिनिटं!"

त्यांनी पोरीला उचलून लुगड्याच्या आत, उघड्या छातीला लावलं. गाल गार, ओठांचा रंग त्या अंधारात कळेना. आत काही हलतंय का, ते त्यांच्याच धापेत समजेना. म्हणून त्यांनी आपला श्वास रोखून धरला आणि खांबासारख्या निश्चल उभ्या राहिल्या.

बाहेर पडद्यावर त्या खोलीचा आकडा बदलला. सौमित्रने तो मोठ्याने वाचला.

"माणूस एक." त्याचा आवाज चिरकला. "आई, एकच दाखवतंय. तुमचा श्वास की तिचा?"

विजयाबाईंना बोलता येत नव्हतं. बोलायचं तर रोखलेला श्वास सोडावा लागला असता.