बंदरकूदनीची ओ

दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी हे सुरू झालं. वेळ पक्की आठवते, कारण नावेत चढताना बेबीताईंनी मनगटावरचं घड्याळ माझ्या नाकासमोर धरलं होतं. उशीर म्हणे माझ्यामुळे.

बेबीताई माझ्या नणंद, अमरावतीच्या. पाहुण्या आल्या त्या, आणि जबलपूर आम्हालाच दाखवून राहिल्या होत्या. ग्वारीघाटची आरती झाली, मदनमहाल झाला, चौसठ योगिनीच्या पायऱ्या मी पोरगी कडेवर घेऊन चढले. आणि जिथं तिथं एकच टोमणा, दोन वर्षांची झाली, अजून बोलत काहून नाही? जसं मीच तिचं तोंड शिवून ठेवलं. त्या काळजीनं माझा डोळा लागत नव्हता, ते कोण विचारतं!

भेडाघाटला नर्मदेत नाव संगमरवरी कड्यांमधून चालली. नावाडी यमकं जुळवत दगड दाखवत होता, हा हत्ती, हा नंदी. मग बंदरकूदनी आली. तिथं दोन्ही कडे इतके जवळ येतात की ऊन खाली पोचत नाही. पाणी काळं, हलेना. ओल्या चुन्यासारखा वास. नावाडी म्हणाला, आवाज द्या, पहाड परत करतो.

एकानं स्वतःचं नाव पुकारलं. ते परत आलं. मी पोरीला पदराखाली घेतलं.

"चलो, आईला तर जमलं नाही," बेबीताई म्हणाल्या, "पाहू दगड बोलती करते का इला."

"ताई, नको..."

त्यांनी पोरीचं नाव मोठ्यानं हाकारलं.

नाव परत आलं नाही. सगळे कान देऊन बसले. मग वरून कुठून तरी, बारीक, लाडात...

"ओ..."

बेबीताई हसल्या. बोलली की नाही, म्हणाल्या. पोरगी माझ्या छातीशी होती, अंगठा तोंडात. नावाड्याची वल्ही थांबली.

"दीदी... बच्ची का असली नाम था क्या?"

मी हो म्हणून मान हलवली. मग घाटापर्यंत त्यानं एकही यमक जुळवलं नाही.

बेबीताई गेल्यावर एका संध्याकाळी मी स्वैपाकघरातून सवयीनं पोरीला हाक मारली. ओ आली. मी आनंदानं रडलेच. हे रिछाईच्या कारखान्यातून आले, त्यांनाही ऐकवली. तशीच सायकल फिरवून हे बडा फुहाऱ्याच्या चौकातून खोव्याची जलेबी घेऊन आले. मी पोरीला भरवत होते. घास तिच्या तोंडात, ओठ मिटलेले. मी लाडानं नाव घेतलं.

ओ मोरीतून आली. पोरगी तिकडं पाहून हसली.

ह्यांना सांगितलं तर म्हणतात, ओ देते ना पोरगी, अजून काय पाहिजे? तिकडं बेबीताई सगळ्या नात्यात सांगून राहिल्या, मीच बोलती केली. माझं कोणी ऐकेल तर ना! मी ते नाव घेणंच सोडलं. आता हिला नुसती बाई म्हणते.

तरी काल ती माझ्या मांडीवर झोपली होती, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि मोरीतून ओ आली. हाक मी मारली नव्हती.

तुमच्याकडं पाहुणे येतील, भेडाघाट पाहायचा म्हणतील. खुशाल दाखवा. पण बंदरकूदनीला लेकराचं नाव घेऊ नका, एवढं ज्याला त्याला सांगा. आमच्या पोरीचंच सांगा हवं तर. फक्त तिचं नाव विचारू नका कोणी.